डुबऱ्यांचा उन्हाळा

एप्रिल अर्धा सरला की आमच्या अल्लीपुरात घरोघरी कूलर अंगणात काढले जातात. कूलरच्या बाजूच्या जुन्या ताट्यांतलं गवत खाऱ्या पाण्यानं पांढरं आणि काटक्यांसारखं कडक झालेलं असतं. ते ओढून काढायचं, टाकीचा तळ विटेच्या तुकड्यानं घासायचा, नवं गवत दाबून भरायचं आणि वरून पहिली बादली ओतायची. त्या बादलीसरशी जो वास उठतो, ओल्या लाकडाचा, थोडा रानातला आणि थोडा नव्या खोक्यातला, तो आला की माझ्यापुरता उन्हाळा लागला. कॅलेंडर काहीही म्हणो.

मी हिंगणघाटला शाळेत शिकवते. यंदाही सुट्ट्या लागल्यावर माहेरी आले, बाबांबरोबर कूलर उघडून बसले आणि तो वास आल्यावर हातातली बादली खाली ठेवून तशीच बसून राहिले. बाबांनी टाकीतून डोकं वर काढलं.

"काय झालं, पल्लवी?"

"काही नाई. तो उन्हाळा आठवला."

कोणता, असं त्यांनी विचारलं नाही. ते पुन्हा टाकी घासायला लागले. आमच्या घरात 'तो उन्हाळा' एकच आहे.

त्या वर्षी मी बारा वर्षांची होते आणि माझी धाकटी बहीण स्नेहल आठची. होळीच्या आसपास तिला ताप आला, उतरेना, आणि एका सकाळी तिची मान लाकडासारखी ताठ झाली. जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात तिला नेलं. ताप मेंदूपर्यंत पोचलाय, असं डॉक्टर म्हणाले. आई तिच्याजवळ राहिली. बाबा शेत आणि दवाखाना अशा फेऱ्या मारत राहिले. मी घरी एकटी पोळ्या लाटायला शिकले आणि त्या धड कोणी खाल्ल्या नाहीत तरी रोज लाटत राहिले. ती परत आली तेव्हा पळस झडून गेला होता आणि रस्त्याचं डांबर दुपारी चपलेला चिकटू लागलं होतं. केस बारीक कापलेले, अंगापेक्षा गुडघेच मोठे दिसत होते, पण पोरगी जिवंत होती. अख्खी गल्ली तिला पाहायला आली. शेजारच्या इंगोले काकूंनी तिच्यावरून मीठमोहऱ्या ओवाळल्या. एरवी आईला असले प्रकार चालत नसत. त्या दिवशी तिनं तेही करू दिलं.

खाटेवर बसून स्नेहलनं सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि आईला विचारलं, "आई, सगळे हळू हळू काऊन बोलून राह्यले?"

आम्हाला वाटलं, अशक्तपणा असेल. दुसऱ्या दिवशी दुपारी ती म्हणाली, "कूलर बंद पडला का?" कूलर चालू होता. त्याच्या वाऱ्यानं तिचा फ्रॉक फडफडत होता. तिनं उठून कूलरच्या पत्र्यावर तळवा ठेवला, थोडा वेळ तसाच राहू दिला, आणि मग आमच्याकडे वळून पाहिलं. ती घाबरलेली दिसत नव्हती. कोडं घातलंय पण त्याचं उत्तर मोठ्यांनाही येत नाही, हे कळलेल्या मुलाचा चेहरा असतो, तसा तिचा झाला होता.

पुन्हा दवाखाना झाला. कानाची नसच गेलीय, यंत्र लावून फारसा उपयोग होणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. आणि उठता उठता आईला म्हणाले, "बोलणं आहे तिच्याकडे. ते टिकवा. तिला बोलतं ठेवा."

आईनं सगळ्या दवाखान्यातून तेवढं एक वाक्य पदराला बांधून आणलं. ती अंगणवाडीत शिकवायची. गावातली निम्मी पोरं बडबडगीतं म्हणायला आईकडून शिकली होती. आता ती रोज सकाळी स्नेहलला समोर बसवायची, तिची हनुवटी धरायची आणि म्हणायची, "पाणी. म्हण, पाणी." स्नेहल म्हणायची. सुरुवातीला नीट म्हणायची. पण स्वतःचा आवाज ऐकू येत नसला की तो हळूहळू वाट सोडतो. तिचे शब्द सपाट झाले, मग मध्येच उंच जायला लागले. गल्लीतली पोरं हसली. इंगोले काकू आईला म्हणाल्या, "अशी काऊन बोलते वो हे आता?" स्नेहलला ते ऐकू आलं नाही, पण चेहरे दिसले. पाहुणे कमी झाले की बाई जशी ताटं कमी मांडते, तसं तिनं बोलणं आवरतं घेतलं. वैशाख लागेपर्यंत ती दिवसभर कूलरच्या पत्र्याला पाठ टेकून बसू लागली. तिथं तिला निदान घरघर तरी जाणवायची.

मी तिच्या शेजारी बसायचे. आम्ही दोघी एका खाटेवर झोपायचो आणि झोपेपर्यंत बोलायचो, जन्मापासूनची सवय. आता मी आढ्याकडे पाहत पडून राहायचे.

एका दुपारी, बाहेर झळा वाहत होत्या, दारं लावलेली होती, आणि मी टीव्हीचा आवाज बंद करून ठेवला होता. तिला ऐकू येत नाही ते मला तरी कशाला, असा काहीतरी बारा वर्षांचा न्याय होता तो. समुद्राच्या तळाचा कार्यक्रम लागला होता. एक आठ हातांचा प्राणी दगडावर बसला की दगडासारखा व्हायचा, वाळूवर आला की वाळूसारखा. त्याच्यासमोर दुसरा आला. दोघांच्या अंगावर रंग धावायला लागले, थांबले, पुन्हा धावले. स्नेहलनं माझी वेणी ओढली. कितीतरी दिवसांनी आपणहून बोलली.

"याईले कान असते का?"

मला माहीत नव्हतं. बाबा जेवत होते. आमच्या घरात समुद्र पाहिलेलं माणूस एकच, ते. सहा डिसेंबरला दादरला जायचे तेव्हा रांगेतून बाहेर पडल्यावर किनाऱ्यावर उभे राहायचे. मी त्यांना विचारलं.

"मी तं वरूनच पाह्यला," बाबा म्हणाले. "आतमंदी कोण राह्यते अन् त्याले कान हाये का नाई, मले काय माहीत. येवढं सांगतो, आपल्या नदीले दोन काठ असते. समुद्राले एकच असते."

"मंग दुसरा?"

"असन कुठी तरी. दिसत नाई."

मी स्नेहलकडे वळले, माझे दोन्ही कान धरले आणि मान हलवली. नसतात. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. ते विझू नये म्हणून मी आईच्या पिशवीतला खडू घेतला आणि ओसरीच्या फरशीवर एक प्राणी काढला. मासा नाही, माणूसही नाही. लांबट अंग, मोठे डोळे, पुष्कळ हात, आणि प्रत्येक हाताला मोठा थोरला तळवा. तळव्यातून किरणं काढली. खाली लिहिलं, हे टीव्हीत दाखवत नाहीत, खूप खोल राहतात.

"याईचं नाव काय?" तिनं विचारलं. मी खांदे उडवले. तिनं खडू घेतला, विचार केला आणि लिहिलं, 'डुबरे'.

मला हसू आलं. एखाद्याचं आडनाव असावं तसं वाटत होतं. डुबरे, मुक्काम पोस्ट तळेगाव.

समुद्रापासून इतक्या दूर, जिथं मोठं पाणी म्हणजे पावसाळ्यातला नाला, तिथं त्या दुपारपासून डुबरे राहायला आले. मी खडूनं लिहायचे, ती मला तोंडानं उत्तर द्यायची. मग लिहिणं कमी झालं आणि हात वाढले. डुबरे जिथं राहतात तिथं उजेड पोचत नाही, म्हणून ते आपला उजेड तळव्यात बाळगतात. बोलायचं झालं की तळवा उघडतात, बोटं दुमडतात, फिरवतात. कान त्यांना कधी नव्हतेच. त्यांच्यात पाठमोऱ्या माणसाशी बोलणं अडाणीपणाचं समजतात. आधी खांद्याला हात लावायचा, तो वळला की मगच बोलायचं. भांडण झालं तर शिव्या देत नाहीत, डोळे मिटून घेतात. डुबऱ्यांत याहून मोठा अपमान नाही. फार दूरच्या माणसाला बोलवायचं तर तळवा उघडायचा, मिटायचा, उघडायचा, मिटायचा. याचा अर्थ, घरी ये, जेवायला वाढलंय.

"डुबरे शेती करते का?" तिनं एकदा विचारलं.

करतात, असं मी हातानं सांगितलं. कापसाची.

"ओला होईन ना कापूस."

त्यांच्याकडे सगळंच ओलं असतं.

तिनं वर गच्चीकडे पाहिलं. तिथं आई भर उन्हात कुरड्या घालत होती. "मंग त्याईच्या आईले काहीच वाळवता येत नसन," ती गंभीरपणे म्हणाली. "उन्हाळाभर बसून राहत असन."

आमच्याबद्दल डुबऱ्यांना काय वाटतं, हे मात्र सगळं तिनं रचलं. अंगणात इंगोले काकू आणि आई बोलत उभ्या होत्या, त्यांच्याकडे पाहत ती म्हणाली, वर कोरड्यात काही लोक राहतात असं डुबरे ऐकून आहेत. त्यांच्या तोंडाला भोक असतं आणि ते दिवसभर त्याची उघडझाप करतात. काऊन करतात ते डुबऱ्यांना कळत नाही. काही डुबरे म्हणतात, त्यांना श्वास पुरत नाही. काही म्हणतात, बिचारे उपाशी असतील.

आम्ही सगळ्यांना नावं दिली. बोटांवरचा खडू झटकला की आई. डोक्याला दुपट्टा गुंडाळल्यासारखा हात फिरवला की बाबा. वेणी ओढली की मी. बंद मूठ हळूच उघडली की स्नेहल. संध्याकाळी मी आमच्या गच्चीवर आणि ती काकूंच्या गच्चीवर उभी राहायची, बाबांची बॅटरी घेऊन आम्ही लांबून बोलायचो. चालू, बंद, चालू, बंद. ती धावत जिना उतरून घरी यायची.

आईला हे आवडत नव्हतं. ती आली की म्हणायची, "हात खाली." स्नेहल हात मांड्यांखाली दाबून बसायची आणि आईच्या ओठांकडे पाहायची. आई क्रूर नव्हती. घाबरलेली होती. एकदा स्वयंपाकघरात तिचं आणि बाबांचं बोलणं चाललं होतं, मी तांदूळ निवडत होते.

"खेळते तं खेळू दे ना," बाबा म्हणाले. "हासते तरी पोरगी."

"हातानं भागलं तं तोंड कायले उघडन ते?" आई म्हणाली. "डॉक्टर काय म्हणाले, तुमीच ऐकलं. बोलणं एकदा गेलं की गेलं. उद्या मी नसन, तुमी नसान, तवा तिच्याशी कोण बोलन? तुमचे ते डुबरे?"

  आईचं खोटं नव्हतं. तेवढ्यात तिनं माझ्या हातातलं सूप घेतलं आणि म्हणाली, "अन् तू बी शाळेतल्या पोरींसंग बोलत जा जरा." तिला मी डुबऱ्यांच्या बाजूची वाटायचे. मी होतेच.

बुद्धपौर्णिमेला आमच्याकडे मोठी मिरवणूक निघते. विहाराला बल्बच्या माळा लावतात, खिरीची मोठी पातेली चढतात, बाया पांढऱ्या साड्या नेसतात. त्या संध्याकाळी ढोल-ताशे लावले होते. ते अंगणासमोरून गेले तेव्हा स्नेहलनं छातीवर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहून डोळे मोठे केले. तिला ढोल छातीत वाजताना कळत होता. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा बाहेरचं काहीतरी तिच्यापर्यंत पोचलं होतं. ती मिरवणुकीबरोबर निघाली. मी तिचा हात धरला होता. वळणावर गर्दी झाली, कोणीतरी मध्ये आलं, आणि हात सुटला.

विहारापाशी मिरवणूक पोचली तेव्हा ती नव्हती.

आधी आम्ही विहाराभोवती पाहिलं, मग घरी, मग काकूंकडे. दिवस मावळला होता, पौर्णिमेचा चंद्र अवकाळी ढगांआड होता आणि अंधार झपाट्यानं भरत होता. गावाच्या एका अंगाला नाला, दुसऱ्या अंगाला ट्रकचा रस्ता. बाबा आणि चार माणसं वेगवेगळ्या वाटांनी धावली. कमिटीच्या एका दादानं माइक हातात घेतला आणि गावभर लावलेल्या भोंग्यांतून आवाज घुमला, "स्नेहल, जिथं असशील तिथून विहारापाशी ये. तुझी आई वाट पाहत आहे. स्नेहल, जिथं असशील तिथून विहारापाशी ये."

तो भला माणूस. गळ्याच्या शिरा ताणून हाक मारत होता. पुन्हा म्हणाला, पुन्हा म्हणाला. लोकांच्या माना त्या हाकेबरोबर चहूकडे वळत होत्या. आई पायरीवर उभी होती. ती इतका वेळ रडली नव्हती. ती सावकाश त्याच्याजवळ गेली आणि तिनं माइकवर तळवा ठेवला.

"भाऊ, राहू द्या," ती म्हणाली. "तिले ऐकू येत नाई."

माइक बंद झाला नव्हता. तिचे शब्द सगळ्या गावानं ऐकले. महिनाभर कोणी विचारलं तर ती म्हणायची, अशक्तपणा आहे, कमी येते, होईन बरी. त्या संध्याकाळी ती पहिल्यांदा ते वाक्य बोलली आणि नेमकं भोंग्यातून बोलली.

मी तिचा पदर ओढला. "आई, लाईट."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तळवा उघडला, मिटला. मला वाटलं, समजावून सांगावं लागेल. पण ती लगेच त्या दादाकडे वळली. "भाऊ, सगळी रोषणाई बंद करा. अन् मंग लावा. मंग बंद. करत राहा."

"काऊन, ताई?"

"करा तुमी."

विहार अंधारात बुडाला. मग उजळला. मग बुडाला. गर्दी गप्प झाली. इतकी माणसं आणि इतकी शांतता मी पुन्हा कधी अनुभवली नाही. कोणाला काही कळत नव्हतं, पण सगळे त्या उजेडाकडे पाहत होते. आई ओठात काहीतरी पुटपुटत होती, बहुतेक त्रिशरण. तो दादा खटका वर खाली करत होता आणि घाम पुसत होता.

ती वडनेरच्या बाजूच्या शिवारातून आली. ढोलामागे गावाच्या टोकापर्यंत गेली होती. तिथून मिरवणूक दुसऱ्या गल्लीनं परत फिरली आणि ही मागेच राहिली. अंधारात वाट चुकली आणि कापसाच्या वाळक्या पऱ्हाटीच्या ढिगाला टेकून बसून राहिली. चेहरे दिसत नाहीत अशा अंधारात बहिऱ्या माणसाला कोणीच उरत नाही, हे मला तिनं पुष्कळ वर्षांनी सांगितलं. पण तेव्हा ती पायभर धूळ घेऊन, हातात एक चप्पल धरून, गर्दीतून वाट काढत आली आणि आपल्या त्या सपाट आवाजात सगळ्यांसमोर म्हणाली, "लाईट काऊन चालू-बंद करून राह्यले? जेवाले वाढलं का?"

आईनं तिला उचलून घेतलं नाही. आधी तिच्या खांद्याला हात लावला, तिला आपल्याकडे वळवलं आणि मग दोन्ही तळवे उघडून विचारलं, कुठं गेली होतीस? डुबऱ्यांच्या भाषेत विचारलं. जी आई दिवसभर हात खाली म्हणायची, तिनं दारामागून, चुलीपाशी बसून, कुरड्या घालता घालता सगळं पाहिलं होतं, सगळं पाठ केलं होतं.

स्नेहल तिच्या हातांकडे पाहत राहिली. मग तिनं आईचं मनगट धरलं आणि उलटं फिरवलं. "असं नाई," ती म्हणाली. "डुबरे उलट्या हातानं म्हणते." आणि हसली. तेव्हा कुठं आईला रडू आलं.

त्यानंतर उरलेला उन्हाळाभर घरात चार डुबरे होते. बाबांनी डुबऱ्यांना एक शिवी मिळवून दिली, ती इथं लिहिता येण्यासारखी नाही. आईनं शिकवणीची वेळ सोडली नाही, पण आता ती आधी हातानं 'पाणी' म्हणायची आणि मग तोंडानं, आणि स्नेहल दोन्ही म्हणायची. इंगोले काकू एकच शब्द शिकल्या, चहा. तो त्या इतक्यांदा वापरायच्या की त्या डुबऱ्यांत राहायला गेल्या तरी त्यांचं काही अडलं नसतं. दुपारी आंबाडीचं सरबत पिता पिता आम्ही डुबऱ्यांची लग्नं जुळवायचो. लग्नात मंडप नसतो, फक्त सगळे एकदम तळवे उघडतात, आणि कितीतरी वेळ खाली दिवस उगवल्यासारखं वाटतं. बाबा म्हणाले, मंग खर्चच नाई. आई म्हणाली, वाढणाऱ्याले दिसन तरी कोण जेवला अन् कोण राह्यला ते.

जूनमध्ये आईनंच नागपूरच्या एका निवासी शाळेचा पत्ता काढला. ती, बाबा, मी आणि स्नेहल, चौघं गेलो. स्नेहलनं माझा हात घट्ट धरला होता. आम्ही फाटकातून आत गेलो तेव्हा मधली सुट्टी होती. मोठं अंगण, कडुनिंबाची झाडं, आणि त्याखाली कितीतरी मुलं. कोणाच्या तोंडून शब्द नव्हता आणि तरी तिथं बाजार भरल्यासारखी धांदल होती. हात उडत होते, बोटं वळत होती, कोणी कोणाच्या खांद्याला हात लावून वळवत होतं, कोपऱ्यात दोन मुली भांडत होत्या आणि त्यातली एक डोळे गच्च मिटून उभी होती.

 स्नेहलनं माझ्या हातातून आपला हात सोडवून घेतला. ती माझ्याकडे वळली आणि अगदी हळू, मला वाटतं तिच्या आयुष्यातलं सगळ्यात हळू वाक्य बोलली. "पल्लवी, डुबरे खरेच आहे."

येताना आम्ही तिघंच आलो. गाडीत आई खिडकीशी बसली होती आणि तिची बोटं मांडीवर आपोआप हलत होती. बाबांनी ते पाहिलं आणि दुसरीकडे पाहू लागले.

दिवाळीला ती आली तेव्हा तिचे हात बदलले होते. वेगानं चालायचे, नवे शब्द बोलायचे. खऱ्या खुणांची खरी भाषा, जी हजारो माणसं बोलतात. आमची भाषा चौघांची. तिच्यात पाणी म्हणायला तीन बोटं ठिबकवायची, आणि दिवाळीच्या त्या आठवड्यात कळलं की बाहेर कोणी तसं म्हणत नाही. ती शिकवत गेली, आम्ही शिकत गेलो. डुबऱ्यांचे शब्द एकेक करून मागे पडले. एखादी भाषा मरताना जवळ बसलेलं माणूस मी आहे, आणि तिच्या मरण्यानं घरात आनंदच झाला. आता दोनचार शब्द उरलेत. बोटांवरचा खडू झटकला की अजून आई. आईनं अंगणवाडी सोडून वर्षं झाली, तिच्या बोटांना आता खडू लागत नाही.

स्नेहल आता नागपुरात असते. तशाच एका शाळेत लहान मुलांना शिकवते. नवऱ्यालाही ऐकू येत नाही, तो छपाईच्या कामात आहे. दोघं भांडतात तेव्हा एकजण डोळे मिटून घेतो, असं ती सांगते. तिचं तोंडानं बोलणंही शिल्लक आहे. भाजीवाल्याशी बोलते, बसमध्ये बोलते. आईचं म्हणणंही खोटं ठरलं नाही. आईनं आणि मी आपापली बाजू राखली आणि फायदा पोरीचा झाला.

कूलर बसवून झाला त्या दिवशी संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला. आई-बाबा बाहेर ओट्यावर बसले होते. मी स्वयंपाकघरात पोळ्या करत होते. एका हातात फोन धरून, दुसऱ्या हातानं मी तिला सांगितलं, मी त्या उन्हाळ्याबद्दल लिहिणार आहे. तुझ्यासाठी मी डुबरे कसे रचले, तू कशी बोलायची थांबली होतीस, आणि कशी पुन्हा हसायला लागलीस, ते सगळं.

ती ऐकत होती, म्हणजे पाहत होती. मग तिच्या भुवया वर गेल्या.

माझ्यासाठी? तिनं हातानं विचारलं.

मग कोणासाठी?

 तिला काहीतरी सांगावं की नाही असं झालं असावं. मग तिचे हात सावकाश चालू लागले, लहान मुलांना शिकवताना चालत असतील तसे.

"तू तवा कोणाशीच बोलत नव्हती," ती म्हणाली. "आई माझ्यात, बाबा शेतात. तू टीव्हीचा आवाज बंद करून बसायची. झोपायच्या वेळी वर पाहत राहायची. मी घाबरली. मले वाटलं, हिले पण तोच ताप येऊन राह्यला. मंग तू तो प्राणी काढला अन् तुझं तोंड जरा उघडलं. मी म्हटलं, चला, हिले हा खेळ आवडला दिसते. म्हणून मी विचारत राह्यली. शेती करते का, लग्न करते का. मले काय करायचं होतं त्याईच्या कापसाचं?"

तव्यावरची पोळी फुगून करपायला आली होती. मी गॅस बंद केला. स्नेहल पडद्यावर वाट पाहत होती. तिच्या मागे तिच्या घरातला दिवा होता आणि तिचा चेहरा नीट दिसत होता.

मला तिला खूप काही म्हणायचं होतं, आणि ते एका हातानं होण्यासारखं नव्हतं. मी फोन माठाला टेकवून उभा केला, पिठाचे हात पदराला पुसले आणि दोन्ही हात मोकळे केले.